अठ्ठावीस ठिपके

चौतीस वर्षं मी ससूनमध्ये
लोकांच्या छात्या उजेडाला धरल्या.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
आता धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत,
वांग्याचं पान तसंच धरते
बिबवेवाडीकडून येणाऱ्या उन्हासमोर.
हिरवं सगळं खरवडून नेलेलं,
शिरा तेवढ्या राहिलेल्या,
बरगड्यांसारख्या, ओळीनं.
रिपोर्ट लिहायला डॉक्टर लागत नाही.

खालचे उकिडवे म्हणाले,
मार्केट यार्डातनं पावडर आणा, एका फवाऱ्यात साफ.
मी म्हटलं, वांगी मला खायची आहेत हो.
ते म्हणाले, भुंगेऱ्यांनाही तेच म्हणायचंय.

मग रिठे.
रात्री भिजत घातलेले, सकाळी कुस्करलेले,
आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात फेस.
साडेसहाला, अंगात गारठा असतो तोवर
ते उडत नाहीत.
पानाखाली डबा धरायचा, टिचकी मारायची,
पाय पोटाशी घेऊन टपकन पडतात.
मेल्याचं सोंग.
फेसात ते खरं होतं.

कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत गेले:
एकोणीस. चौदा. बावीस.
बावीसच्या दिवशी स्वतःला आल्याचा चहा केला, साय घालून.

त्याच आठवड्यात चवळीच्या शेंड्यांवर मावा चढला,
काळा, चिकट, बोटाला लागणारा.
शेजारची शर्वाणी सुट्टीला कंटाळून वर आलेली.
डब्यातली मढी तिनं काडीनं कागदावर काढली
आणि ठिपके मोजायला बसली.
आजी, याला सहाच आहेत.

याची पाठ चकचकीत,
नखांना लावायच्या रंगासारखी.
त्याची मळकी, वर बारीक लव,
ठिपके अठ्ठावीस. तिनं दोनदा मोजले.
बाविसांत नऊ जण सहा ठिपक्यांचे होते:
ढालकिडे. मावा खाणारे. आपले.

एकाची फिल्म दुसऱ्याच्या पाकिटात
चौतीस वर्षांत एकदाच घातली मी.
ते आडनाव अजून पाठ आहे. वाघचौरे.
या नऊ जणांना तर आडनावही नव्हतं.

त्यानंतर हात मंदावला.
चष्मा, वर भिंग.
पानाच्या पोटाला पिवळी अंडी,
उभी, शेवयांच्या चुऱ्यासारखी.
त्यांची जरा विरळ, यांची दाटीनं,
असं म्हणतात. माझा गोंधळ होतो.
गोंधळ झाला की पान सोडून देते.
संध्याकाळी निंबोळीचं पाणी, तेही
फक्त जिथं खात्री आहे तिथं.
वासानं मांजर दोन दिवस फिरकत नाही.

परवा एक अळी दिसली,
एरवी पिवळी, काटेरी, खादाड असते ती.
ही तपकिरी, फुगलेली, पानाला चिकटून वाळलेली.
नखानं काढणार होते.
भिंगात दिसलं, पाठीला गोल भोक,
कंपासनं काढावं तसं.
त्यातून डोकं आलं. मग मिश्या.
मग तिळाहून लहान एक काळी माशी
ओले पंख घेऊन बाहेर आली
आणि अळीच्या पाठीवरच थांबली, वाळत.
ही तिच्यात वाढली होती.
ही तिला आतून जेवली होती.

मी श्वास धरून ठेवला होता.
कुणी सांगितलं नव्हतं.

ते पान तोडलं नाही.
कोपऱ्यातली ती अख्खी कुंडीच सोडून दिलीय,
खाऊ दे त्यांना, आणि त्यांना खाणाऱ्यांना.
उकिडवे ती चाळणी झालेली पानं बघतात
आणि काही न बोलता वर्तमानपत्र वाचतात.

आज डब्यात तीन. तिन्ही अठ्ठावीसचे.
संध्याकाळी त्यांना चार वांगी दिली.
एकाला देठापाशी भोक होतं.
ते प्रकरण वेगळं आहे.
तिच्याबद्दल मला अजून
काहीच माहीत नाही.